ऑस्ट्रेलियन नाटकांची चित्रपट-रूपांतरे

ऑस्ट्रेलियन रंगभूमीसाठी लिहिलेल्या नाटकांवरून तयार झालेले पूर्ण लांबीचे कथापट व त्यांच्या निर्मितीचा इतिहास. नाटकाचे चित्रपटात रूपांतर करताना स्थळ, काळ आणि संवाद यांची पुनर्रचना करावी लागते. ही अडचण सर्वच देशांतील पटकथाकारांना येते. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत तिच्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली. ब्रिटिश व अमेरिकन नाटकांच्या प्रदीर्घ वर्चस्वाशी झगडून तेथील रंगभूमीने स्थानिक बोलीला व स्थानिक श्रमजीवनाला स्थान मिळवून दिले. परंतु अशा नाटकाचा चित्रपट करण्यासाठी लागणारे भांडवल व वितरणव्यवस्था पुष्कळदा परदेशी हाती होती. नाटक पडद्यावर जाताना कोणाची भाषा, कोणते शहर व कोणता शेवट कायम राहणार, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यामुळे या रूपांतरांच्या इतिहासातील कळीचा प्रश्न होय. रे लॉलर (१९२१–२०२४) याच्या समर ऑफ द सेव्हन्टीन्थ डॉल (१९५५, म. शी. ‘सतराव्या बाहुलीचा उन्हाळा’) या नाटकाचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे.

रंगभूमी व चित्रपट यांचा संबंध ऑस्ट्रेलियात मूकपटाच्या आरंभापासूनच जडला. रानात दडून लूटमार करणारे बुशरेंजर आणि मेंढपाळ जमीनदारांची कुटुंबे यांच्यावरील अतिनाट्ये फिरत्या नाटकमंडळ्यांनी गावोगाव लोकप्रिय केली होती. तीच कथानके पुढे कॅमेऱ्यापुढे सादर होऊ लागली. बर्ट बेली व एडमंड डगन यांच्या द स्क्वॉटर्स डॉटर (१९०७) या नाटकाचा मूकपट १९१० मध्ये निघाला आणि त्याच नाटकावरून केन जी. हॉल याने १९३३ मध्ये बोलपट काढला. बुशरेंजरपटांवर मात्र न्यू साउथ वेल्समध्ये १९१२ साली पोलीसखात्याने बंदी घातली व त्या प्रकाराची वाढ खुंटली.

या कालखंडातील सर्वांत उद्‌बोधक उदाहरण ऑन अवर सिलेक्शन याचे आहे. स्टील रड (मूळ नाव आर्थर होय डेव्हिस) याने क्वीन्सलंडमधील लहान शेतकऱ्यांच्या हालअपेष्टांवर लिहिलेल्या कथा १८९९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. बर्ट बेलीने १९१२ मध्ये त्यांचे नाटक रंगमंचावर आणले, ते प्रामुख्याने विनोदी होते. रेमंड लाँगफर्डने १९२० मध्ये मूकपट काढताना हे नाटक बाजूला ठेवून थेट मूळ कथांचा आधार घेतला. नापीक जमीन, दारिद्र्य आणि न संपणारे कष्ट यांना त्याने संयमाने पडद्यावर आणले. याउलट हॉलने सिनेसाउंड या संस्थेतर्फे १९३२ मध्ये काढलेला बोलपट नाटकावर बेतलेला होता व त्यात ‘डॅड’ची प्रमुख भूमिका खुद्द बेलीनेच केली. तो चित्रपट उत्पन्नाच्या दृष्टीने विलक्षण यशस्वी ठरला आणि त्यामुळे रड कुटुंबावरील आणखी तीन बोलपट १९४० पर्यंत निघाले. एकाच साहित्यकृतीची ही दोन रूपे पाहिली, म्हणजे रंगभूमीने कथेवर चढविलेला थर किती जाड असतो, याची कल्पना येते. कलादृष्ट्या लाँगफर्डचा मूकपट सरस. पण प्रेक्षकांनी उचलून धरला, तो नाटकी बोलपट.

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियातील चित्रपटनिर्मिती क्षीण झाली. चार्ल्स शॉव्हेलचा जेडा (१९५५) यासारखे अपवाद सोडल्यास, तेथे होणारे मोठे चित्रण बहुधा ब्रिटिश वा अमेरिकन कंपन्यांचे असे. रंगभूमीची परिस्थिती नेमकी याच सुमारास पालटू लागली. जॉन समनर याने मेलबर्न विद्यापीठाच्या युनियन थिएटरमध्ये १९५३ साली व्यावसायिक नाटकमंडळी स्थापन केली (तीच पुढे मेलबर्न थिएटर कंपनी या नावाने प्रसिद्धीस आली). ऑस्ट्रेलियन एलिझाबेथन थिएटर ट्रस्ट ही संस्था १९५४ मध्ये अस्तित्वात आली. लॉलर हा याच युनियन थिएटर मंडळीतील नट. मेलबर्नच्या फुट्सक्रे या कामगारवस्तीत तो वाढला व लहानपणीच शाळा सोडून कारखान्यात कामाला लागला होता. त्याच्या समर ऑफ द सेव्हन्टीन्थ डॉल या नाटकाला १९५५ मध्ये प्लेराइट्स ॲडव्हायजरी बोर्डाच्या स्पर्धेत ओरिएल ग्रे या लेखिकेच्या द टॉरेंट्स या नाटकाबरोबर पहिले पारितोषिक विभागून मिळाले. समनरच्या दिग्दर्शनाखाली २८ नोव्हेंबर १९५५ रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला आणि त्यात बार्नीची भूमिका लॉलरने स्वतः केली.

नाटकाचे कथानक वरकरणी साधे आहे. रू व बार्नी हे क्वीन्सलंडमधील ऊसतोड कामगार. वर्षातील सात महिने ते उत्तरेकडे फडात राबतात आणि उरलेले पाच महिने, म्हणजे दक्षिण गोलार्धातील उन्हाळा, मेलबर्नच्या कार्लटन भागात ऑलिव्ह व नॅन्सी या मद्यालयात काम करणाऱ्या मैत्रिणींच्या सहवासात घालवितात. लग्नाचे बंधन नाही, संसाराची चिंता नाही. दर वर्षी येताना रू ऑलिव्हसाठी जत्रेत मिळते तशी एक क्यूपी बाहुली आणतो. अशा सोळा बाहुल्या घरात जमलेल्या असताना सतरावा उन्हाळा उजाडतो, तेव्हा नॅन्सीने दुसऱ्याशीच लग्न केलेले असते व तिच्या जागी ऑलिव्हने पर्ल या विधवेला आणलेले असते. टोळीचा मुकादम म्हणून मिरविणाऱ्या रूला जॉनी डाउड या तरण्या गड्याने कामात मागे टाकलेले असते; रू टोळी सोडून रिकाम्या हाताने आलेला असतो व पोटासाठी त्याला रंगाच्या कारखान्यात नोकरी धरावी लागते. अखेर तो ऑलिव्हला लग्नाची मागणी घालतो. तिला ती मागणी अपमानासारखी वाटते. सतरा वर्षे जपलेले स्वातंत्र्य व झळाळी यांच्या बदल्यात आता सामान्य संसार देऊ केला जात आहे, या जाणिवेने ती कोसळते आणि निघून जाते. रू सतराव्या बाहुलीचा चुराडा करतो व बार्नी त्याला घराबाहेर नेतो.

नाटकाचे सामर्थ्य त्याच्या शेवटात आहे, तितकेच त्याच्या बंदिस्तपणातही आहे. सर्व अंक कार्लटनमधील एकाच जुन्या घराच्या बैठकीत घडतात. उसाचा फड, उत्तरेचे ऊन, कोयत्याची चढाओढ यांपैकी काहीही रंगमंचावर दिसत नाही. ते केवळ बोलण्यातून उभे राहते. ऑलिव्हला दिसणारे त्या पुरुषांचे भव्य रूपही बोलण्यातच आहे. प्रेक्षकाला मात्र समोर चाळिशी गाठलेले, थकलेले दोन मजूर दिसत असतात. ऐकलेले आणि दिसणारे यांच्यातील ही तफावत हाच नाटकाचा खरा विषय होय. सर्व काही दाखवू शकणाऱ्या कॅमेऱ्यापुढे तो टिकविणे हे म्हणूनच अवघड काम होते.

सिडनीतील प्रयोगांनंतर हे नाटक लॉरेन्स ऑलिव्हिएच्या निर्मितिसंस्थेतर्फे ३० एप्रिल १९५७ रोजी लंडनच्या न्यू थिएटरमध्ये आले. ऑस्ट्रेलियन नटांनी ऑस्ट्रेलियन बोलीतच केलेले हे प्रयोग सु. सात महिने चालले व नाटकास इव्हनिंग स्टँडर्ड या वृत्तपत्राचे त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट नाटकाचे पारितोषिक लाभले. न्यूयॉर्कमध्ये जानेवारी १९५८ मध्ये मात्र ते केवळ २९ प्रयोगांत आटोपले. बोली व तिच्यातील खास शब्द प्रेक्षकांना उमगले नाहीत, असे या अपयशाचे एक कारण सांगितले गेले.

चित्रपटाचे हक्क हेक्ट-हिल-लँकेस्टर या अमेरिकन निर्मितिसंस्थेने घेतले. दूरचित्रवाणी-नाट्यावरून काढलेल्या मार्टी (१९५५) या चित्रपटाच्या यशामागे याच निर्मात्यांचा हात होता, हे लक्षात घेता सामान्य माणसांच्या एकाकीपणावरील नाटकाकडे त्यांचे लक्ष जावे, यात नवल नाही. दिग्दर्शनासाठी लेस्ली नॉर्मन या ब्रिटिश दिग्दर्शकाची निवड झाली. द शिरली (१९५७) या चित्रपटामुळे त्याला ऑस्ट्रेलियाचा अनुभव होता. पटकथा जॉन डायटन या ब्रिटिश लेखकाने लिहिली. रूची भूमिका मार्टीमुळे ऑस्कर पारितोषिक मिळविणारा अर्नेस्ट बोर्गनाइन याला, ऑलिव्हची ॲन बॅक्स्टरला, बार्नीची जॉन मिल्सला आणि पर्लची अँजेला लॅन्सबरीला मिळाली. यांपैकी दोघे अमेरिकेत व दोघे इंग्लंडमध्ये जन्मलेले. चार प्रमुख पात्रांपैकी एकाच्याही तोंडी स्वाभाविक ऑस्ट्रेलियन बोली नव्हती. व्हिन्सेंट बॉल (जॉनी डाउड) व एथेल गॅब्रिएल (ऑलिव्हची आई एमा) हे ऑस्ट्रेलियन कलावंत दुय्यम भूमिकांत होते.

चित्रपट १९५९ मध्ये पूर्ण झाला. नाटकातले मेलबर्न त्यात उरले नाही. कथा सिडनीत हलविण्यात आली आणि बाँडायचा समुद्रकिनारा, बंदरावरील पूल, लूना पार्क हे क्रीडोद्यान अशी नेत्रसुखद स्थळे तीत आली. (स्टॅन्ली क्रेमरच्या ऑन द बीच या अमेरिकन चित्रपटाचे चित्रण त्याच वर्षी मेलबर्नमध्ये झाले, हा एक योगायोगच!) हा फरक केवळ भूगोलाचा नव्हता. कार्लटन ही त्या काळी जुन्या घरांची, दाट व काहीशी कोंदट अशी कामगारवस्ती होती; त्या घराच्या चार भिंतींत ऑलिव्हचे स्वप्न जिवंत राहू शकत होते. ते उघड्या समुद्रकाठी नेल्यावर त्याचे रूप सुटीतल्या मौजेचे झाले. याहून गंभीर बदल शेवटाचा. चित्रपटात रू व ऑलिव्ह यांचा समेट घडवून आणला आहे. नाटकात ऑलिव्हचा नकार हा अट्टहास वाटला, तरी तोच तिच्या सतरा वर्षांना अर्थ देतो. तिने होकार दिला, तर ती सतरा वर्षे लग्नासाठी वाट पाहण्यात गेली, असा अर्थ होतो. म्हणजे एक शोकात्मिका लांबलेल्या प्रेमकथेत रूपांतरित होते. अमेरिकेत या चित्रपटाचे नावही बदलून सीझन ऑफ पॅशन असे करण्यात आले. नावातून बाहुली गेली, तसा नाटकाचा गाभाही गेला, असे म्हणावे लागते.

ऑस्ट्रेलियातील टीकाकारांनी स्थलांतर, उच्चार व बदललेला शेवट या तिन्ही गोष्टींवर आक्षेप घेतला आणि तो आक्षेप आजतागायत कायम आहे. तथापि सर्व दोष निर्मात्यांच्या अरसिकतेवर टाकणे न्याय्य नव्हे. अमेरिकन भांडवलावर काढलेला चित्रपट अमेरिकन चित्रगृहांतून चालणे अपरिहार्य होते आणि न्यूयॉर्कमधील २९ प्रयोगांचा अनुभव ताजा होता. बोर्गनाइनने रूचा शारीरिक थकवा व मुकादमकी गेल्याची लाज प्रामाणिकपणे व्यक्त केली आहे. लॅन्सबरीची पर्लही दुर्लक्षणीय नाही. ऑस्ट्रेलियात या नाटकाचा चित्रपट करू शकेल अशी देशी संस्था त्या वेळी नव्हती, हे अपयशाचे मूळ कारण होय. लॉलर पुढे बरीच वर्षे परदेशी राहिला व १९७५ च्या सुमारास मेलबर्नला परतला. किड स्टेक्स (१९७५) व अदर टाइम्स (१९७६) ही याच पात्रांच्या पूर्वायुष्यावरील दोन नाटके लिहून त्याने १९३७ ते १९५३ या काळाची नाट्यत्रयी पूर्ण केली. रिचर्ड मिल्स याने १९९६ मध्ये मूळ नाटकाची संगीतिका रचली. पुन्हा चित्रपट मात्र निघाला नाही.

शासकीय साहाय्याने चित्र पालटले. ऑस्ट्रेलियन फिल्म डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन १९७० मध्ये, साउथ ऑस्ट्रेलियन फिल्म कॉर्पोरेशन १९७२ मध्ये आणि ऑस्ट्रेलियन फिल्म कमिशन १९७५ मध्ये स्थापन झाले. त्याच वेळी मेलबर्नच्या कार्लटन भागातच ला मामा व प्रॅम फॅक्टरी या छोट्या नाट्यगृहांतून नवी नाटककारपिढी पुढे येत होती. तिच्यातील डेव्हिड विल्यम्सन याची नाटके चित्रपटांना विशेष मानवली. पोलिसी हिंसाचारावरील द रिमूव्हलिस्ट्स (१९७१) या नाटकाचा टॉम जेफ्रीने केलेला चित्रपट (१९७५) नाटकाला फारच चिकटून राहिल्याने काहीसा बंदिस्त वाटतो. ब्रूस बेरेसफर्ड दिग्दर्शित डॉन्स पार्टी (१९७६) याचे यश त्याहून कितीतरी मोठे. हे नाटक १९७१ चे. त्यातील मेजवानी २५ ऑक्टोबर १९६९ च्या निवडणुकीच्या रात्री घडते. मजूर पक्ष सत्तेवर येणार, या आशेने जमलेली सुशिक्षित मध्यमवर्गीय मंडळी निकाल विरुद्ध जाऊ लागताच मद्याच्या अमलाखाली एकमेकांची उणीदुणी काढू लागतात. पटकथा विल्यम्सननेच लिहिली. बेरेसफर्डने चित्रण सिडनीच्या एका उपनगरातील खऱ्याखुऱ्या घरात केले आणि खोल्याखोल्यांतून, माणसांच्या गर्दीतून कॅमेरा फिरता ठेवला. येथेही मेलबर्नचे सिडनी झाले; परंतु माणसे, भाषा व पराभव तेच राहिल्याने त्याबद्दल कोणी फारशी तक्रार केली नाही. १९६९ ची निवडणूक जिंकणारा पंतप्रधान जॉन गॉर्टन याने चित्रपटात स्वतःच्याच रूपात ओझरते दर्शन दिले आहे.

या चित्रपटाला काळाने एक अनपेक्षित परिमाण दिले. नाटक प्रथम पाहणाऱ्यांना गॉफ व्हिटलमचा पराभव तेवढा ठाऊक होता. चित्रपट येईपर्यंत व्हिटलम १९७२ मध्ये सत्तेवर येऊन ११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर-जनरलकडून पदच्युतही झाला होता. त्यामुळे पडद्यावरील निराशेत प्रेक्षकांना स्वतःची ताजी निराशा दिसली. संहितेत फारसा फेरफार न करताही रूपांतराचा अर्थ बदलतो, याचे हे उत्तम उदाहरण. दिग्दर्शन, पटकथा व प्रमुख अभिनेत्री (पॅट बिशप) यांसह ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटची अनेक पारितोषिके त्यास १९७७ मध्ये मिळाली. बेरेसफर्डनेच विल्यम्सनच्या द क्लब (१९७७) या फुटबॉल-संस्थेतील कारस्थानांवरील नाटकाचा १९८० मध्ये चित्रपट केला. नाटक समितीच्या खोलीतच घडते. चित्रपटाने कॉलिंगवूड या प्रत्यक्ष संघाचे मैदान, पोशाख व खेळाडू यांचा उपयोग केला.

केनेथ रॉसच्या ब्रेकर मोरांट (१९७८) या नाटकाची गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्या बोअर युद्धात कैद्यांना गोळ्या घातल्याच्या आरोपावरून हॅरी मोरांट व पीटर हँडकॉक या बुशव्हेल्ट कार्बिनिअर्स पथकातील दोन अधिकाऱ्यांना ब्रिटिश लष्करी न्यायालयाने दोषी ठरविले व २७ फेब्रुवारी १९०२ रोजी प्रिटोरिया येथे मृत्युदंड दिला. तिसरा आरोपी जॉर्ज विटन याची जन्मठेपेतून १९०४ मध्ये सुटका झाली. बेरेसफर्डने १९८० मध्ये चित्रपट काढताना खटल्याचा सांगाडा कायम ठेवला व साक्षींच्या जागी पूर्वदृश्ये योजून न्यायालयाबाहेरचे जग उघडले. दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरा या गावाच्या परिसराने ट्रान्सव्हालचे काम केले. मोरांट जन्माने इंग्रज असल्याने त्या भूमिकेसाठी एडवर्ड वुडवर्ड हा इंग्रज नट शोभून दिसला. बचावाच्या वकिलाच्या भूमिकेबद्दल जॅक टॉम्पसनला कान महोत्सवात साहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले, तर पटकथेला ऑस्करसाठी नामांकन लाभले. चित्रपटाने गोळीबाराची घटना नाकारलेली नाही. ती पडद्यावर दिसते. परंतु आरोपींच्या बाजूने केलेले युक्तिवाद इतके प्रभावी आहेत की, साम्राज्याने आपली माणसे बळी दिली, हीच भावना ऑस्ट्रेलियन प्रेक्षकांच्या मनात उरली. मारल्या गेलेल्या बोअर कैद्यांना या कथेत स्वतःचा आवाज जवळजवळ नाही. मोरांट व त्याचे सहकारी यांना मरणोत्तर माफी मिळावी, म्हणून पुढे झालेल्या प्रयत्नांमागे या चित्रपटाने घडविलेले लोकमत होते, यात शंका नाही. ब्रिटिश शासनाने तो अर्ज २०१० मध्ये फेटाळला.

१९९० नंतर रूपांतरांची संख्या वाढली. हॅनी रेसनचे होटेल सोरेंटो, लुई नौराचे कोसी, निक एनराइटचे ब्लॅकरॉक, गॉर्डन ग्रॅहमचे द बॉइज ही नाटके त्या दशकात पडद्यावर आली. स्ट्रिक्टली बॉलरूम (१९९२) हा बॅझ लुअरमनचा गाजलेला चित्रपट तर १९८४ मध्ये राष्ट्रीय नाट्यशाळेत विद्यार्थ्यांनी रचलेल्या एका छोट्या नाटकातून वाढला. रचनेच्या दृष्टीने सर्वांत धाडसी रूपांतर अँड्रू बोव्हेलच्या स्पीकिंग इन टंग्ज (१९९६) या नाटकाचे होय. मूळ नाटकात चार नट नऊ भूमिका करतात आणि दोन जोडपी एकाच वेळी, कधीकधी तेच शब्द उच्चारीत, बोलतात. हे रंगमंचावरच शक्य होते. बोव्हेलने स्वतःच लिहिलेल्या लँटाना (२००१) या पटकथेत ही युक्ती सोडून दिली, प्रत्येक पात्राला स्वतंत्र नट दिला आणि नाटकातील आकस्मिक साम्ये सिडनीच्या उपनगरांतील परस्परांत गुंतलेल्या आयुष्यांतून व्यक्त केली. रे लॉरेन्स दिग्दर्शित या चित्रपटाला ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटची सात पारितोषिके मिळाली. (घाणेरीच्या जातीची, ऑस्ट्रेलियात बाहेरून येऊन माजलेली काटेरी झुडपे म्हणजेच लँटाना, चित्रपटाचे नाव त्यांवरून आले आहे.)

आदिवासी कलावंतांच्या हाती आलेली रूपांतरे हा अलीकडील महत्त्वाचा टप्पा. नौराच्या रेडिअन्स (१९९३) या तीन बहिणींवरील नाटकाचा रेचेल पर्किन्स या आदिवासी दिग्दर्शिकेने १९९८ मध्ये चित्रपट केला; जिमी ची याच्या ब्रॅन न्यू डे (१९९०) या संगीत नाटकाचे रूपांतरही (२००९) तिचेच. टोनी ब्रिग्जच्या द सफायर्स (२००४) या नाटकाचा चित्रपट (२०१२) वेन ब्लेअर याने दिग्दर्शित केला. तो मूळ नाटकात नट होता. व्हिएतनाममधील सैनिकांपुढे गाण्यास गेलेल्या आदिवासी गायिकांची ही कथा लेखकाच्या स्वतःच्या कुटुंबातून आली होती.

लीआ पर्सेल हिने हेन्री लॉसनच्या १८९२ मधील ‘द ड्रोव्हर्स वाइफ’ या सुप्रसिद्ध कथेवर २०१६ मध्ये नाटक लिहिले व त्यातील नायिकेची भूमिका केली. लॉसनच्या कथेत ओझरता येणारा आदिवासी पुरुष तिच्या नाटकात दुसरे प्रमुख पात्र बनला आणि एकाकी गोऱ्या स्त्रीच्या धीराची कथा वंश व जमीन यांच्या संघर्षाची कथा झाली. २०१९ मध्ये तिने ती कादंबरीरूपात मांडली. त्यानंतरच्या चित्रपटाचे (२०२१) लेखन, दिग्दर्शन व प्रमुख भूमिका तिन्ही तिचीच असून, रंगमंचावर झोपडीच्या अंगणापुरते मर्यादित असलेले कथानक त्यात न्यू साउथ वेल्समधील स्नोई पर्वतराजीत, बर्फ व धुक्याने वेढलेल्या मोकळ्या माळांवर घडते.